डाव्या कानातला आवाज

उकंडराव ही गोष्ट सहसा सांगत नसत. कापसाच्या राखणीला मळ्यातल्या खोपीत बसलेली तरणी पोरं फारच मागे लागली, म्हणजे आधी नको नको म्हणत, मग कंदिलाची वात उतरवत आणि सुरुवात करत ती अगदी साधी. बाजारहाटाची हकिकत सांगावी तशी.

"निवृत्ती म्हणजे आपल्या गोजरचा नवरा, माहा सख्खा मेहुणा," ते म्हणत. "त्यानं मले सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही. मधी कोनी बोलू नका."

धाड गावच्या किसनरावांचा निवृत्ती हा एकुलता एक मुलगा. घरी जमीन भरपूर, पण पोराचं मन शेतीत कमी आणि यंत्रात जास्त. बुलढाण्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी फटफटी निवृत्तीनं बापाच्या मागे लागून घरी आणली. त्या भागात तेवढी एकच. लांबून फट फट ऐकू आलं की शेतातली माणसं कंबर सरळ करून म्हणत, किसनरावाचा निवृत्ती आला. गाडीला पुढे पितळेचा कार्बाइडचा दिवा होता. वरच्या डबीत पाणी भरायचं, खाली खडे ठेवायचे. पाणी थेंब थेंब गळायला लागलं की गॅस धरायचा, मग काडी लावायची. पांढराफेक उजेड पडायचा. मात्र पाणी संपलं की दिवाही संपला.

मागच्या बैठकीवर कायम त्याचा दोस्त उत्तम. किसनरावांच्या मळ्याला लागून याचा मळा. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा, आणि भाजीची पाटी उतरवली की निवृत्तीच्या मागे टांग टाकून बसायचा. दोघं एका वयाचे, एका पारावर वाढलेले. उत्तम निवृत्तीला सरळ नावानं कधी हाक मारायचा नाही. "निवृत्त्या" म्हणायचा, नाहीतर नुसतंच "बे".

आधी चिखली, मग मेहकर, मग खामगाव. हौस वाढत गेली. सन अडतीसच्या दिवाळीनंतर दोघांनी नागपूर गाठायचं ठरवलं. तिथून पचमढीचे डोंगर बघायचे, बैतूलच्या जंगलातून एलिचपूरला उतरायचं, आणि सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं आकोट, जळगाव जामोद करत घरी यायचं. उत्तमचं लेकरू तेव्हा पाळण्यात होतं. त्याची आई सोजराबाई दारात उभी राहून म्हणाली, "बापू, सांभाळून नेजो रे माह्या पोराले. दिवस असतानी चालवजो."

"मावशी, जसा नेऊन राह्यलो तसाच आणून देतो," निवृत्ती म्हणाला. उत्तमची बायको विमलबाई पुढे झाली. तिनं भाकरीचं गठुडं नवऱ्याच्या हातात दिलं.

प्रवास मोठ्या आनंदात झाला. नागपूर झालं. पचमढी झाली. उत्तमनं आयुष्यात पहिल्यांदा धुक्यात हात घातला आणि हात दिसेना म्हणून खदाखदा हसला. बैतूलच्या उतारावर मात्र गाडी घसरली. निवृत्तीला खरचटलंसुद्धा नाही. उत्तमची टाच पाय ठेवायच्या गंजक्या लोखंडावर फाटली. हळद भरली, चिंधी बांधली. "वांगं चिरल्यावानी चिरली बे," तो म्हणाला, आणि पुन्हा मागे बसला. पुढे एलिचपुरात गाडीच्या दुरुस्तीसाठी मुक्काम पडला, तोवर जखम वरून सुकली. दोघंही ती विसरून गेले.

जळगाव जामोदला निवृत्तीची मावशी राहायची, झुंबरबाई. आईनं तिच्यासाठी लुगडं दिलं होतं, तेवढं पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घराकडे निघायचं असा बेत. दुपारी जेवायला बसले, तर उत्तमच्या तोंडात घास जाईना.

"काऊन जी, कालवण तिखट झालं का?" झुंबरबाईनं विचारलं.

उत्तमनं मान हलवायला घेतली, ती मानही हलेना. जबडा धरला होता. दात एकमेकांवर असे बसले होते की भाकरीचा तुकडा सरकायला फट नव्हती. झुंबरबाईनं गरम तेल चोळलं, विटकरीचा शेक दिला. दूध पाजायला घेतलं, ते हनुवटीवरून खाली आलं. गावचा डॉक्टर नेमका त्या दिवशी बाहेरगावी. ऊन कललं तेव्हा झुंबरबाई निवृत्तीला बाजूला घेऊन म्हणाली, "हे वारं मले बरं दिसत नाही, बापू. याले दवाखान्यात पायजे."

निवृत्तीनं ठरवलं, रात्रीतून बुलढाणा गाठायचं. जिल्ह्याचा दवाखाना, मोठा डॉक्टर. घरही तिथून जवळ. त्यानं उत्तमला विचारलं, "बसशील का बे?" उत्तमनं डोळ्यांनीच हो म्हटलं. निवृत्तीनं त्याला मागे बसवलं, त्याचे दोन्ही हात आपल्या पोटावर आणले आणि उपरण्यानं मनगटं आपल्या कमरेशी बांधली, म्हणजे झोप लागली तरी पडणार नाही.

ती कार्तिक वद्य चतुर्दशीची रात्र होती. दुसऱ्या दिवशी अवस.

नांदुऱ्याकडे जाताना मध्ये पूर्णा लागते. पात्रात पाणी थोडं, वाळू फार. निवृत्तीनं गाडी ढकलत ढकलत पलीकडे काढली. दिवा मिणमिणायला लागला होता. उत्तमला गाडीवरच झाडाला टेकवून तो दिव्यासाठी पाणी आणायला खाली उतरला. डबी भरली, तोंडावर पाणी मारलं, वर आला.

उत्तम तसाच बसलेला. मान वळत नव्हती, पण डोळे वळवले होते. मागे. जितके वळतील तितके मागे.

"काय आहे?" निवृत्तीनं तिकडे पाहिलं. वाळू, काठावरची झुडपं, अंधार. काही नव्हतं.

त्यानं पुन्हा मनगटं बांधली, किक मारली, आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली. थोडं अंतर गेलं असेल. डाव्या कानाशी आवाज आला.

"निवृत्ती."

त्याचा आनंद पोटात मावेना. "बोलला! बोलला बे तू!" तो ओरडला. "जबडा सुटला का?"

"सुटला. आता बरं वाटून राह्यलं."

"दुखते का?"

"नाही दुखत. काहीच नाही दुखत."

मावशीचं तेल लागू पडलं म्हणायचं. निवृत्तीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. दुपारपासून त्यानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ते आता त्याच्या ध्यानात आलं. तो मोठमोठ्यानं बोलायला लागला, पचमढीचं धुकं, एलिचपूरचा तो भांडखोर मिस्त्री. मागून हाव, हाव असा होकार येत होता. मधून मधून पोटावर उत्तमच्या मुठी आवळत होत्या. एकदा तर जोरात गुद्दाच बसला.

"काऊन मारतं बे?"

"थंडी वाजते," आवाज म्हणाला. "चालव तू. थांबू नको."

नांदुरा झोपलं होतं. रेल्वेचं फाटक उघडं मिळालं. मोताळाही मागे पडलं. रस्ता गिट्टीचा, ठिकठिकाणी फुटलेला. गाडी आपटत होती, दिव्याचा उजेड झाडांवर आणि पुन्हा खाली असा उडत होता.

राजूर घाटाच्या पायथ्याशी दिवा पुन्हा गेला.

तिथं कापसाच्या गाड्या सोडलेल्या होत्या. वरच्या गावांतून मलकापूरच्या जिनिंग कारखान्यात कापूस चालला होता. घाट उतरून गाडीवान बैलांना वैरण टाकून बसले होते. निवृत्तीनं इंजिन बंद केलं. एक म्हातारा गाडीवान कंदील घेऊन पुढे आला. कडूबा त्याचं नाव.

"पाणी पायजे का दाद्या, दिव्याले?" त्यानं आपल्या तांब्यातलं पाणी डबीत ओतलं. मग मागे बसलेल्याकडे पाहिलं. "हे पाव्हणे काऊन बांधले?"

"बिमार आहे. पण आता बरा आहे. आताच बोलत होता."

"हे बोलत होते?"

"हाव नं. पूर्णेपासून बोलत आला. उत्तम, सांग बे यायले."

गाडी बंद, सगळीकडे शांत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची किणकिण, आणि दातांमधून आत-बाहेर होणारा श्वास. हिस्स… हिस्स…

कडूबानं कंदील वर केला. उत्तमच्या तोंडावर उजेड पडला. तो हसत होता. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, भुवया वर, सगळे दात दिसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते वाऱ्यानं असेल.

"पाहा, हसून राह्यला," निवृत्ती म्हणाला. "लेकाचा गंमत करते."

म्हातारा हसला नाही. त्यानं कंदील खाली घेतला. त्याच्या मागचे बैल वैरण सोडून उठले होते आणि दावं ताणून उलट्या दिशेला सरकत होते. "दाद्या," तो हळूच म्हणाला, "मले यातलं काही समजत नाही. पण याले घरी नेऊ नको. सरळ दवाखान्यात ने."

"तिकडंच चाललो, बाबा."

किक मारली. इंजिन धरलं. आणि लगेच, जणू मध्ये खंड पडलाच नव्हता असा, डाव्या कानाशी आवाज आला.

"म्हाताऱ्याचं ऐकू नको."

घाट सुरू झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसता काळोख. दिव्याचा उजेड वळणावळणावर दरीत पडून विरून जायचा. निवृत्तीनं मूठ पिळून धरली होती. पोटावर गुद्दे बसत होते. आता थांबून थांबून नाही, सारखे.

"फार थंडी आहे का बे?"

"हाव. घरी चाल. दवाखाना नको."

"अरे, पण दाखवून घेऊ. वाटेतच आहे."

"कशाले? मी बोलून राह्यलो नं? दवाखान्यात नेलं तर ते ठेवून घेतीन. मले घरी जायचं आहे. घरी ने, निवृत्ती."

निवृत्तीही थकला होता. दवाखान्याची त्यालाही फारशी हौस नव्हती. माणूस बोलतो आहे, हसतो आहे, दुखत नाही म्हणतो आहे. घरी आई आहे, बायको आहे. सकाळी बैलगाडीनं आणू, लागलंच तर.

घाट संपला. बुलढाण्याचे दिवे दिसले. दवाखान्याच्या फाटकावर कंदील टांगलेला होता, त्याच्या उजेडात पहारेकरी घोंगडी पांघरून बसला होता. निवृत्तीनं गाडी हळू केली. त्याच वेळी पोटावर दोन्ही मुठी अशा आदळल्या की त्याचा श्वास कोंडला.

"चालव," आवाज म्हणाला. "चालव."

त्यानं चालवली. फाटक मागे गेलं.

बुलढाण्यापुढे धाडचा रस्ता मोकळा. झाडी कमी, कपाशीची शेतं, अंधारात पांढरट. पुढे गेलं की निजामाची हद्द. ओळखीचा रस्ता, डोळे मिटून कापावा असा. निवृत्तीला गुंगी येत होती. आवाज बोलत होता, आणि तो उत्तरं देत होता.

"घरी कोण कोण आहे?"

निवृत्ती हसला. तापात माणूस असं बरळतो. "कोण असतीन? तुही माय, विमलवैनी, अन् लेकरू."

"लेकरू पाळण्यात आहे?"

"मग काय नांगर धरते?"

"घर कोनतं?"

"पारामागचं. निंबाखालचं. तुहंच घर तू विसरला का बे?"

"अंधारात वळखायले येईन का?"

"येईन. दारात पाण्याची दगडी ढोणी आहे की…"

आणि इथं निवृत्ती थांबला. गाडी नाही, बोलणं थांबलं.

का ते त्याला लगेच कळलं नाही. काहीतरी खटकलं. मग एकेक ध्यानात यायला लागलं.

गाडी आपटत होती. खड्डा आला की त्याचा स्वतःचा आवाज तुटायचा, शब्दाचे तुकडे व्हायचे. मागचा आवाज तुटत नव्हता. पूर्णेपासून एकदाही तुटला नव्हता. खाटेवर टेकून बोलावं तसा तो सपाट येत होता.

इंजिनाचा एवढा आवाज. वारा. मागच्यानं काही सांगायचं म्हणजे कानाशी तोंड आणून ओरडावं लागायचं. नागपूरपासून उत्तम ओरडतच आला होता. हा आवाज ओरडत नव्हता. हळू बोलत होता. आणि सगळं ऐकू येत होतं.

उत्तमचं डोकं त्याच्या उजव्या खांद्यावर टेकलेलं होतं. जड. गरम. आवाज डाव्या कानाशी होता.

आणि उत्तम त्याला कधी "निवृत्ती" म्हणत नव्हता.

"काऊन गप झाला?" आवाज म्हणाला.

निवृत्तीनं मूठ आणखी पिळली.

"रात्री दार आतून लावत असतीन. नाही?"

त्यानं नजर रस्त्यावरून हलू दिली नाही.

"सांग नं. आवाज दिला तर उघडतीन?"

मागे पाहायचं नाही. एवढंच त्याला समजत होतं. मागे पाहायचं नाही, थांबायचं नाही. गाडी बंद केली तर आवाज बंद होईल… पण मग तो जो कोण आहे, तो तिथंच असेल. अंधारात. शांत.

शेवटचा चढ आला. चढावरून धाड दिसतं. गावात एकच दिवा होता, पाराजवळचा. कोणीतरी वाट पाहत जागं होतं.

"ते का?" आवाज म्हणाला. "तो दिवा का?"

निवृत्तीनं गाडी वळवली. कशी वळवली ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. चाक रस्त्याखाली गेलं, ढेकळात रुतलं, दोन्ही पाय टेकवून त्यानं ती ओढली. इंजिन चालू होतं. तो मोठ्यानं देवाचं नाव घेत होता. नेत नाही. याला घरी नेत नाही. काही झालं तरी नेत नाही.

गाडीचं तोंड बुलढाण्याकडे झालं.

डाव्या कानाशी, अगदी जवळ, समजूतदारपणे, आवाज म्हणाला, "बरं."

आणि गाडी हलकी झाली. बाजारातून पोतं आणावं आणि दारात उतरवावं, तशी. पाठीवर उत्तम होता. डोकं खांद्यावर होतं. तरी हलकी झाली.

पुढे आवाज आला नाही. परतीच्या सबंध रस्त्यात निवृत्ती ओरडत होता, "उत्तम, बोल बे, तू बोल." मागून फक्त हिस्स… हिस्स… आणि पोटावरच्या मुठी. त्या आता फार हळू लागत होत्या.

दवाखान्याच्या पहारेकऱ्यानं उपरणं सोडलं. उत्तम जिवंत होता. पण धनुष्यासारखा मागे वाकलेला, लाकडासारखा ताठ. तरुण डॉक्टर धावत आला, त्यानं टाच पाहिली, तोंड पाहिलं, आणि आधी खोलीतला दिवा झाकला.

"केव्हापासून असं आहे?"

"दुपारपासून जबडा धरला होता. मग सुटला. रात्रभर बोलत होता."

"कोण बोलत होतं?"

"हा."

डॉक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "हा धनुर्वात आहे. याचे दात दुपारपासून उघडलेले नाहीत. पहारच घालावी लागेल उघडायला. याला बोलणं शक्यच नव्हतं."

"पण हसत होता, डॉक्टरसाहेब. मी डोळ्यानं पाहिलं."

"ते हसणं नसतं," डॉक्टर म्हणाला. "या रोगात तोंड तसं ओढलं जातं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असते. सगळं कळत असतं, ऐकू येत असतं. गाडीचा प्रत्येक धक्का, प्रत्येक आवाज… फार हाल झाले असतील." मग थोडं थांबून तो म्हणाला, "निदान आधी इथं थांबला असतात."

औषध टोचलं. अंधाऱ्या खोलीत ठेवलं. अवसेच्या दिवशी संध्याकाळी निवृत्ती त्याच्या खाटेशी बसला होता. बोलायची मनाई होती. उत्तमचे डोळे उघडे होते आणि निवृत्तीवर होते. निवृत्तीनं त्याचा हात हातात घेतला. उत्तमनं मूठ वळली आणि त्याच्या तळहातावर मारली. जोर राहिला नव्हता. एकदा. पुन्हा. पुन्हा.

तेव्हा निवृत्तीला ते गुद्दे समजले.

थांब. थांब. थांब.

दिवस उजाडायच्या आत उत्तम गेला. आपल्या तोंडून एक शब्द न बोलता गेला.

इथं उकंडराव कंदिलाची वात थोडी वर करत.

निवृत्ती नंतर पुष्कळ वर्षं जगला. गाडी त्यानं विहिरीमागच्या खड्ड्यात लोटली आणि वर माती घातली. शेती करायचा, संसार केला, पण माणसात राहिला नाही. डाव्या कानात कायम कापसाचा बोळा असायचा. वेचणीच्या दिवसांत रानातल्या बोंडाचा ताजा कापूस घ्यायचा, एरवी गादीतला. गोजरबाईनं एकदा झोपेत तो काढून पाहिला, तर दचकून उठला आणि लेकरासारखा रडायला लागला. "अजून पत्ता विचारते," एवढंच म्हणाला. बायकोनं पुन्हा कधी हात लावला नाही.

पण तो माणसात का राहिला नाही, ते त्या बोळ्यामुळे नाही, उकंडराव सांगत. ते उत्तमला घरी आणला त्या सकाळमुळे.

बैलगाडीतून आणला. धाडच्या वेशीतून गाडी आत आली, पाराला वळसा घालून निंबाखाली उभी राहिली. रड उठली. विमलबाईला बायांनी धरलं. सोजराबाई मात्र रडली नाही. ती निवृत्तीपाशी आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"बापू, मले एक सांग. परवा रातच्याले तुमी आले होते नं?"

"नाही, मावशी."

"आले होते. मी जागीच होती. फटफटीचा आवाज आला. दारात थांबला. पोरगं बोललं, माय, दार उघड. चांगलं खणखणीत बोललं. मी उघडलं." ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. "उघडलं तं कोनीच नाही. तुमी कुठं गेले?"

निवृत्ती मागे सरकला, पण तिनं मनगट सोडलं नाही.

"ये," ती म्हणाली. "पाहा."

पोरं आज-उद्या येणार म्हणून तिनं चतुर्दशीच्या संध्याकाळी अंगण सारवलं होतं. ते वाळून कडक झालं होतं, आणि त्या दिवसापासून तिनं तिथं कोणाला पाय ठेवू दिला नव्हता. ओल्या सारवणात चाकाची एक रेघ उमटलेली होती. खोल, स्वच्छ, रबराच्या नक्षीसकट. रस्त्यावरून येत होती, ढोणीच्या बाजूनं वळत होती, आणि सरळ उंबऱ्यापाशी जात होती.

उकंडराव सांगत, ती रेघ त्यांनी स्वतः पाहिली. अर्ध्या गावानं पाहिली. त्या भागात गाडी एकच, आणि ती त्या रात्री गावाबाहेरच्या चढावरूनच बुलढाण्याला परत फिरलेली.

आत येणारी रेघ होती. परत जाणारी रेघ अंगणात कुठंच नव्हती.